तीन रकान्यांची गोष्ट

विशेष मुलांच्या शाळेत किंवा थेरपी सेंटरमध्ये नाव घातलं की पालकांच्या हातात लवकरच एक तक्ता येतो. आधी काय घडलं, मूल कसं वागलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. त्याला 'एबीसी चार्ट' म्हणतात; अँटिसिडंट (आधीची घटना), बिहेविअर (वागणं) आणि कॉन्सिक्वेन्स (परिणाम) यांची ती आद्याक्षरं. गंमत अशी की यातला शेवटचा रकाना सगळ्यात आधी जन्माला आला.

१८९८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने भुकेल्या मांजरांना पेट्यांत कोंडून बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडायचं, चावायचं आणि धडपडीत कधीतरी दोरीचा फास ओढला जाऊन दार उघडायचं. पुढच्या खेपांना बाहेर पडायला लागणारा वेळ हळूहळू घटत गेला. ज्या कृतीमागून समाधान मिळतं ती टिकते, हा त्याचा निष्कर्ष.

दुसरा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने पुढे उंदरांना दांडी दाबायला लावून हेच मोजलं. खाण्याच्या गोळ्या तो स्वतःच बनवायचा. एका शनिवारी हिशेब केला तर साठा सोमवारी सकाळीच संपणार होता. सुट्टी गोळ्या पाडण्यात कोण घालवणार? म्हणून त्याने दर वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय उलट जास्त चिवट करतं, हे यातून पुढे आलं. दहा वेळा 'नाही' म्हणून अकराव्या वेळी मोबाइल देणारे आईबाप नेमकं हेच करत असतात. पहिल्या रकान्याचं बीजही स्किनरकडेच आहे: दिवा लागला असतानाच गोळी मिळत असेल, तर उंदीर दिव्याची वाट बघायला शिकतो.

माणसांच्या बाबतीत हे पहिल्यांदा ठसठशीत दिसलं ते कॅनडातल्या एका मनोरुग्णालयात. टिओडोरो आयलॉन आणि जॅक मायकेल यांच्या १९५९ च्या लेखात एक रुग्ण स्त्री आहे. ती दिवसाला सरासरी सोळा वेळा परिचारिकांच्या खोलीत घुसायची आणि परिचारिका तिला हाताला धरून बाहेर न्यायच्या. त्यांना सांगितलं गेलं, लक्षच देऊ नका. काही आठवड्यांत हे प्रमाण दिवसाला दोनवर आलं. हाताला धरून नेणं हेच तिचं बक्षीस होतं. घटना तीन रकान्यांत टिपण्याची रीत १९६८ मध्ये सिडनी बिजू आणि सहकाऱ्यांनी मांडली.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. परिणाम बदलला की वागणं बदलतं, एवढंच हाती धरून साठच्या दशकात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्यासारख्यांनी स्वमग्न मुलांना विजेचे झटकेसुद्धा दिले. मूल असं का वागतंय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. लहानपणी अशा उपचारांतून गेलेली स्वमग्न माणसं आज त्याविरुद्ध बोलतात, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो.

त्या 'का'ला पद्धतशीर उत्तर शोधलं ते ब्रायन इवाटा यांच्या गटाने, १९८२ मध्ये, बाल्टिमोरमध्ये. स्वतःला इजा करून घेणारी नऊ मुलं आणि चार परिस्थिती: इजा केली की लक्ष मिळणं, अभ्यासाची सक्ती, एकटेपण आणि मोकळा खेळ. कुणी काम टाळण्यासाठी स्वतःला मारत होतं, कुणी एकटं असताना. वागणं एकच, कारणं निरनिराळी. म्हणजे 'दुर्लक्ष करा' हा सल्ला एकाला लागू पडणार आणि काम टाळू पाहणाऱ्याला चक्क सुट्टी देणार. आपल्याकडे 'नाटकं करतोय' म्हणून जे उडवून लावलं जातं, त्यात हा फरक कुणी बघतच नाही.

१९९७ मध्ये अमेरिकी कायद्याने अपंग विद्यार्थ्यांवर शिस्तभंगाची मोठी कारवाई करताना वागण्यामागची कारणं तपासणं शाळांना बंधनकारक केलं. त्याच वर्षी मार्क ओ'रायली यांनी एका लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचं स्वतःला मारणं अधूनमधूनच उफाळायचं. तारखा जुळवल्यावर लक्षात आलं, की त्या दिवसांत त्याच्या कानाला संसर्ग झालेला असायचा.