नागपुरी शब्दांची कुळकथा

नागपुरी शब्द : नागपूर शहर आणि आसपासच्या मराठीत रोज वापरले जाणारे, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला अनोळखी वाटणारे किंवा भलताच अर्थ सुचवणारे शब्द. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) नागपुरी आणि वऱ्हाडी या दोन्ही बोलींची नोंद आहे. प्रत्यक्षात माणसे दोन्हींची सरमिसळ करूनच बोलतात. ‘मला, तुला’चे ‘माले, तुले’ होते आणि होकार ‘हौ’ने दिला जातो. ‘काऊन’ हा खास नागपुरी प्रश्न म्हणजे ‘का म्हणून’चा झिजून उरलेला अवशेष. ‘म्हणून’चे ‘म्हून’ झाले की ‘काहून’ आणि मग ‘काऊन’ फार दूर नाही.

या शब्दांचे वेगळेपण समजायला शहराचा इतिहास पाहावा लागतो. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंदने हे नगर वसवले, पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले आणि इंग्रजी अमलात मध्य प्रांताची. १९५६ पर्यंत इथल्या कारभारात हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे किनाऱ्यावरून आलेले शब्द इथे फारसे रुजले नाहीत.

याचे सर्वांत चविष्ट उदाहरण म्हणजे आलू. पुणेकर ‘बटाटा’ म्हणतो आणि नागपूरकराचा ‘आलू’ हिंदी म्हणून हिणवतो. पण बटाटा हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. तिथल्या ताइनो लोकांचा रताळ्यासाठीचा ‘बटाटा’ स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागला. ‘आलु’ मात्र संस्कृतातला, कंदवाचक. भाजी परदेशी ती परदेशीच, पण नाव कोणाचे जुने हे भांडण नागपूरने जिंकले आहे. ‘आलूबोंडा’ या शब्दात तर देशाचे दोन भाग एका घाण्यात तळले जातात : आलू उत्तरेकडचा, बोंडा दक्षिणेकडचा.

दुसरा घोळ ‘सांबार’चा. सकाळी भाजीवाल्याकडे ‘दहा रुपयाचा सांबार दे’ म्हटले की तो कोथिंबिरीची जुडी पुढे करतो. इडलीबरोबरचे सांबार वेगळे. ‘संभार’ म्हणजे जमवलेली सामग्री, आणि स्वयंपाकात मसाल्याचा ऐवज. विदर्भात तो अर्थ आकसत त्या सामग्रीतल्या एकाच हिरव्या पाल्यावर येऊन थांबला. दाक्षिणात्य पदार्थाचे नाव तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांवरून पडले ही कथा ऐकायला छान आहे, पण ‘संभार’ समोर असताना तिची गरज उरत नाही. ‘कोथिंबीर’ही काही कमी घराण्याची नव्हे, तिचे मूळ संस्कृत ‘कुस्तुंबरी’त. सांबारवडीत मात्र कोथिंबीर म्हणजे सजावटीची चिमूट नव्हे. बेसनाच्या पारीत ती ठासून भरतात, पारीची घडी घालतात आणि वडी खरपूस तळतात. हिचेच दुसरे नाव पुडाची वडी.

‘बंडी’ म्हटल्यावर पश्चिम महाराष्ट्रात बिनबाह्यांचे जाकीट डोळ्यांपुढे येते, तर विदर्भात बैलगाडी. ही गाडीची बंडी तेलुगूतून आलेली. तिकडे आजही गाडीला ‘बंडि’च म्हणतात, आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) वाटेने तेलुगू मुलूख इथून दूर नाही. पाण्याच्या तांब्याला ‘गडवा’ म्हणतात, तो संस्कृत ‘गडुक’ या जलपात्राचा वंशज. दूध तापवायचे उभे भांडे ते ‘गंज’. फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, साठा, आणि वऱ्हाडीत ‘गंज’ म्हणजे पुष्कळ. साठवण्याच्या जागेवरून साठवण्याच्या भांड्यावर नाव उतरले असावे असे मानायला हरकत नाही. भुईमुगाला ‘फल्ली’ म्हणणे हे सरळसरळ हिंदी ‘फली’चे नागपुरी दुहेरीकरण.

तर्री पोह्यांमुळे ‘तर्री’ हा शब्द आता राज्यभर गेला. कोल्हापूर-पुण्याच्या मिसळीवर जो ‘कट’, तीच इथली ‘तर्री’ : रश्श्यावर तरंगणारा तिखट, लालभडक तेलाचा थर. फारसी ‘तर’ म्हणजे ओला, त्यावरून हिंदी ‘तरी’ म्हणजे रस्सा आणि नागपुरात त्याला जोड मिळून तर्री. ठेल्यावर पोह्यांची रास वाफेवर गरम राहते. वाढणारा आधी पोहे घेतो, मग खोल पातेल्यातून हरभऱ्यासकट तर्रीचा डाव ओततो. ‘अजून मार ना भाऊ’ म्हटले की दुसरा डाव बहुधा फुकट.

‘सावजी’ हे त्याहून रंजक. हलबा कोष्टी समाजाच्या झणझणीत रश्श्याला हे नाव चिकटले, पण शब्द आहे शुद्ध आदराचा. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’, मराठी ‘साव’. ‘सावपणाचा आव’ आणतात तोच साव, आणि ‘सावकार’ही याच घरचा. साधूपासून निघालेला शब्द मटणाच्या भोजनालयाच्या पाटीवर पोचला.

शहराला ‘संत्रानगरी’ म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागायतदार बहाराची नावे आंब्याच्या मोहरावरून ‘आंबिया’ आणि मृग नक्षत्रावरून ‘मृग’ अशी ठेवतात. ‘संत्रा’ हा फारसी ‘संगतरा’. पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी त्याचा संबंध जोडला जातो. बाबराच्या आत्मचरित्रातही हे फळ याच नावाने येते. उलट ‘नारंगी’ इथून निघाली : संस्कृत ‘नारंग’ फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच अशी गावे करत इंग्रजीत ‘ऑरेंज’ होऊन बसला.

वस्त्यांची नावेही बोलकी आहेत. पुण्यात रविवार पेठ, नागपुरात इतवारी. ‘इतवार’ म्हणजे ‘आदित्यवार’, आणि खेड्यातला ‘आयतवार’ त्याचाच सख्खा भाऊ. जरीपटका हे मराठी राज्याच्या निशाणाचे नाव मिरवणारी वस्ती फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी गजबजली. सीताबर्डी शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून पडली असे सांगतात, पण ‘बरड’ म्हणजे मुरमाड, खडकाळ जमीन हा शब्द मराठीत आहेच. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले आणि इंग्रज जिथे लढले ती टेकडी या वर्णनात चपखल बसते. नागपूरकर नुसते ‘बर्डीवर जातो’ म्हणतो, भावांची आठवण कोणी काढत नाही.

लोकव्युत्पत्तीचा, म्हणजे लोकांनी नावामागे रचलेल्या गोष्टीचा, खरा नमुना शेजारच्या कामठीचा. कन्हानकाठी १८२१ मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली, तिची आखणी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी होती, म्हणून ‘कॅम्प-टी’ आणि त्याची कामठी, असे आजही ठामपणे सांगितले जाते. मात्र बांबूच्या चिरलेल्या पट्टीला मराठीत ‘कामटी’ म्हणतात, तिच्या धनुष्याला ‘कामठा’, आणि छावणीशी काहीएक संबंध नसलेले कामठा नावाचे गाव गोंदिया जिल्ह्यात आहे.