खाज गेली म्हणजे नायटा गेला असं नाही

पावसाळा लागला की आमच्या इंदूरात नायट्याचे पेशंट वाढतातच, बाहेर सगळे दाद म्हणतात, आपल्या घरांत अजून नायटा नाहीतर गजकर्ण. मी लॅबमध्ये त्वचेचे नमुने तपासते. परवा रामबागेतल्या एक काकू आल्या, परकराची नाडी बसते तिथे कमरेभोवती सगळे चट्टे. "अगं, ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज जाते, सोडली की दुप्पट होऊन येते, चार महिने हेच चाललंय."

ट्यूब मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. नायटा बुरशीमुळे होतो, तिच्यात बुरशीचं औषध होतं, पण सोबत क्लोबेटासॉल, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरकस. त्याने लाली आणि खाज दबते, कारण शरीराची लढाईच थंडावते, आणि बुरशी मात्र आरामात पसरत राहते. वर रोज लावून कातडी पातळ होते, जांघेत तर कायमचे पांढरट ओरखडे उठतात. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, तरी विकतात आणि मला याचा खरंच राग येतो.

काकूंच्या चट्ट्याची कड मी बोथट ब्लेडने खरवडली, मधला भाग नाही, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत असते. तो कोंडा काचेवर घेऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबलं की कातडीच्या पेशी विरघळायला लागतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात, लांब, फांद्या फुटलेले, मधे मधे आडवे पडदे. काकूंना मायक्रोस्कोपमधून दाखवलं तर त्या गप्पच झाल्या.

पण धागे दिसले म्हणून कोणती गोळी चालेल ते कळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. टर्बिनाफिन ही गोळी बुरशीचं एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन, बंद पाडते, मग तिला पेशीच्या आवरणासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल बनवता येत नाही. आता बऱ्याच बुरशींत या एन्झाइमच्या जीनमध्ये बदल झालाय, त्यामुळे एन्झाइममध्ये 397 व्या जागी फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन येतं, एवढ्या एका बदलाने गोळी त्यावर नीट बसतच नाही. अशा गोळीला न जुमानणाऱ्या बुरशीला जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नाव दिलं, नमुने भारत आणि नेपाळच्या पेशंटचे होते. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. तिथल्या एका पेशंटला टर्बिनाफिनने काही फरक पडला नाही, इट्राकोनाझोलने पडला, कारण ही गोळी अर्गोस्टेरॉल बनण्याच्या त्याच साखळीतलं दुसरं एन्झाइम अडवते. पण तीही डॉक्टरांनी ठरवलेले दिवस पूर्ण घ्यावी लागते, खाज थांबली म्हणून मधेच सोडून चालत नाही.

निघताना काकू म्हणाल्या, नातवाच्या मांडीवर पण असाच एक गोल आलाय, त्याला हीच ट्यूब लावतेय. म्हटलं, काकू, ती आजपासून बंद, दुसरं पण काही लावू नका आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.