पुढचा निरोप आठ वाजता

ऑगस्ट 2024च्या अखेरीस विश्वामित्री नदी बडोद्यातल्या काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली. शहरात घराघरांत पाणी शिरलं होतं. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजवा धरणाबद्दल तासाभरात तीन निरोप आले. पहिला : आजव्याचं पाणी सोडलं. दुसरा : आजव्याचे दरवाजे तुटले. तिसरा दोनच शब्दांचा : आजवा फुटलं.

धरण जागेवर होतं. पण 'सोडलं'चं 'फुटलं' व्हायला चाळीस मिनिटं पुरली.

मधल्या एका निरोपात '213 फूट' असाही आकडा होता. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातूनच ओरडत आले, "अहो, नदी 213 फूट?" तो आकडा आजवा सरोवराच्या पातळीचा. शहरातल्या नदीचा आकडा काळ्या घोड्याच्या पुलापाशी मोजतात, तो वेगळाच. दोन्ही फुटांतच, दोन्हींचा शून्य मात्र निराळा. एवढं एक वाक्य निरोपात घातलं असतं तर काकांचा जिना वाचला असता.

अफवेचं एक जुनं समीकरण आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ते 1947 साली मांडलं : अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंतलं एक शून्य झालं की अफवा शून्य. पुराच्या रात्री धरणाचं महत्त्व कमी करणं कुणाच्याच हातात नसतं. हात घालायला उरते ती संदिग्धता. समीकरण फारच सुबक आहे आणि माणसं इतकी सुबक नसतात, हे मान्य. तरी सोसायटी, गणेश मंडळ किंवा महिला मंडळाला नेमकं काय करता येईल, ते यातून चटकन कळतं.

अफवांचा अभ्यास आपल्याकडेही फार लवकर झाला. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारला मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि 1935 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, अशा त्या अफवा. गंमत अशी, की जिथे हादरा बसला पण पडझड झाली नव्हती, तिथेही त्या जोरात होत्या. पुढे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी त्याचा अर्थ लावला : भीती तर वाटते आहे आणि डोळ्यांपुढे कारण दिसत नाही, तेव्हा मन त्या भीतीला शोभेल असं कारण शोधतं. आमच्याकडेही 'फुटलं' आलं ते कोरड्या विंगमधून. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्यांना टाइप करायला फुरसत नव्हती.

धरण फुटल्याची आवई ही काही बडोद्याची मिरासदारी नाही. 1955 साली अमेरिकेतल्या पोर्ट जर्व्हिस गावात पूर येऊन गेल्यावर अशीच खोटी बातमी पसरली आणि लोक घरं सोडून पळाले. संशोधकांनी त्याचाही अभ्यास केला. आणि मराठी घरांत तर ही भीती पोकळ नाहीच. 12 जुलै 1961 ला पानशेत खरोखर फुटलं होतं. पुण्यात माहेर असलेल्या आजीला "काहीतरीच काय!" म्हणून उडवून लावाल, तर तुमचा पुढचा निरोपही ती ऐकणार नाही.

आमच्या कमिटीतला एक आवडता मुद्दा : "लोकांना इतक्यात सांगायला नको, घबराट होईल." आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी, विशेषतः एन्रिको क्वारांतेली यांनी, हा समज अनेक वर्षं तपासला. त्यांना सैरावैरा पळापळ फार क्वचित दिसली. लोक बहुधा उलटच वागतात : उशीर करतात. इशारा मिळाला की आधी खिडकीतून बघतात, शेजाऱ्याला विचारतात, बहिणीला फोन लावतात आणि मग हलतात. अभ्यासक याला 'मिलिंग' म्हणतात. चालायला लागण्याआधी गुरं जागच्या जागी घोटाळतात, त्यावरून आलेला शब्द. हा मूर्खपणा नव्हे. एकाच तोंडून आलेल्या गोष्टीवर बिऱ्हाड हलवायचं नसतं, एवढं शहाणपण सगळ्यांना असतं. तेव्हा आपलं काम हुकूम सोडण्याचं नाही. ही विचारपूस लवकर संपेल, असं एक ठिकाण तयार ठेवण्याचं आहे.

हे पावसाळ्याआधी करायचं, कारण ताणाखाली मेंदू आखडतो. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा एका वेळी सुमारे चारच गोष्टी मनात धरू शकतो. भीतीत त्याहून कमी. हे वाचणाऱ्याला लागू आणि लिहिणाऱ्यालाही. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात कुणाला चांगलं वाक्य सुचत नाही. म्हणून मजकूर मे महिन्यातच लिहून, फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. आमचा असा आहे :

"तारीख __, वेळ __. आजवा धरण शाबूत आहे. नदी काळ्या घोड्यापाशी __ फूट, वाढते / उतरते आहे. तळमजल्यावरच्यांनी आत्ता वर यावं. पुढचा निरोप __ वाजता."

वेळ मजकुरातच लिहायची, कारण निरोप पुढे ढकलला की त्याची मूळ वेळ गळून पडते. सकाळची 'पाणी वाढतंय' संध्याकाळी फिरते ती अशी. "आजवा फुटल्याची अफवा खोटी आहे" असंही लिहायचं नाही. घाईत वाचणारा पहिले दोन शब्द वाचतो, शिवाय खोटी गोष्टही पुन्हा पुन्हा कानांवर पडली की खरी वाटू लागते. खरं ते आधी. धरण शाबूत आहे याची खात्री मात्र अधिकृत ठिकाणाहूनच करायची. ती झाली नसेल तर ते वाक्य खोडायचं.

शेवटची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. पुढचा निरोप आठ वाजता येणार हे ठाऊक असलं, की साडेसहाच्या अफवेला माणूस निदान "आठला बघू" म्हणतो. आठ वाजता नवं काहीच नसलं, तरी "नवं काही नाही" हे आठलाच सांगायचं. एकदा चुकलात की ती ओळ मेली. मजकूर गुजरातीत आधी, मग हिंदी आणि मराठी. बडोद्याच्या दांडिया बाजारात कितीही मराठी कानांवर पडली, तरी आमच्या वॉचमनला मराठी येत नाही.

साधनांचंही एक शास्त्र आहे. पुरात सगळे एकदम फोन लावतात आणि टॉवरच्या वाटा भरून जातात. बोलण्यासाठी वाट सलग मोकळी लागते. एसएमएस रांगेत थांबतो आणि फट मिळाली की निघतो. म्हणून 'फोन लागत नाही' म्हणजे 'निरोप जात नाही' असं नव्हे. फोन अचानक किंचाळून सरकारी इशारा दाखवतो, ते सेल ब्रॉडकास्ट. तिथे टॉवर रेडिओसारखा एकदाच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे गर्दीचा प्रश्नच येत नाही. टॉवरची बॅटरी संपली की मात्र सगळंच गप्प. मग मंडळाचा भोंगा आणि जनरेटर. गणपती तोंडावर आलेले असल्यामुळे दोन्ही दुरुस्त असतात, हे आमचं नशीब.

आणि साखळी. एकाने चौघांना फोन करायचा, त्या चौघांनी प्रत्येकी चौघांना : तीन फेऱ्यांत 84 घरं. एक कडी गळाली की तिच्याखालची सगळी घरं अंधारात जातात. म्हणून शेवटच्या माणसांनी उलट पहिल्याला फोन करून "पोचलं" म्हणायचं असतं.

यंदा जूनमध्ये एका रविवारी दुपारी आम्ही चाचणी घेतली. तीन शाखांतून "पोचलं" आलं. चौथीची वाट पाहत मी अर्धा तास बसले, मग यादी घेऊन जिने चढले. पहिल्याच कडीचे गृहस्थ फोन सायलेंटवर टाकून वामकुक्षी घेत होते, आणि दुसऱ्या कडीच्या नंबरावर पुण्याहून उत्तर आलं : त्या बाई मार्चमध्येच लेकाकडे राहायला गेल्या होत्या.