बटण दाबलं, पण रेकॉर्डिंग सुरू झालं का?

खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरचा पडदा जेमतेम इंचभराचा. बॅटरी, वेळ, आवाजाची पातळी, कार्डातली शिल्लक जागा, सगळं त्यावरच. उपकरण स्वतः बोलत नसेल तर दृष्टिहीन माणसाला यातलं काहीच मिळत नाही. तरीही असे मुके रेकॉर्डर अनेक जण सराईतपणे वापरतात. पडद्यावरची बरीचशी माहिती बोटाने, कानाने किंवा चक्क मोजून काढता येते.

यंत्र निवडताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे खटके. सरकवायचा खटका वर आहे की खाली, हे बोट फिरवलं की कळतं. दाबून सोडायचं बटण चालू असताना आणि बंद असताना हाताला सारखंच लागतं. २०१० साली आलेला झूम कंपनीचा एच-१ रेकॉर्डर दृष्टिहीनांना सोयीचा ठरला तो यामुळेच. त्याच्या पाठीवर तीन सरकते खटके होते: खर्जातली घरघर कापणारा, आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारा आणि फाईल वेव्ह (मूळ दर्जाची, मोठी) की एमपी-३ (दाबून लहान केलेली) ते ठरवणारा. रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. आता २०२४ च्या एच-१ इसेन्शियलमध्ये बोलून मार्गदर्शन करण्याची सोय आली आहे. पण मुक्या यंत्रांचा वापर काही थांबलेला नाही.

सगळेच रेकॉर्डर एका दाबात सुरू होत नाहीत. काहींमध्ये पहिल्या दाबाने यंत्र फक्त सज्ज होतं, लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्या दाबाने खरं काम सुरू होतं. फसगत होते ती इथे, कारण सज्ज अवस्थेतही माइकचा आवाज हेडफोनमध्ये येतो. ऐकू येतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही. शंका आली म्हणून आणखी एकदा दाबावं, तर काही मॉडेलांत चालू रेकॉर्डिंगच थांबतं. त्यामुळे शंका आली की आधी स्टॉप दाबायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

नव्या यंत्राची सवय घरीच लावून घ्यावी. रेकॉर्ड एकदा दाबा, मनात तीन मोजा, ‘एक दाब’ असं बोला, स्टॉप, मग प्ले. तेच शब्द ऐकू आले तर यंत्र एका दाबाचं. जुनंच काही वाजलं किंवा शांतता राहिली, तर दोनदा दाबून ‘दोन दाब’ म्हणा आणि पुन्हा तपासा. सीइंग एआय या मोबाइल ॲपमध्ये प्रकाश ओळखण्याची सोय आहे. उजेड वाढला की त्याचा सूर चढतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा दिव्याच्या अगदी जवळ धरला, तर लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा यांतला फरक त्या सुरावरून ओळखू येतो.

आवाजाची पातळी ठरवताना एक युक्ती कामी येते: आधी तळ गाठायचा. कमी करण्याचं बटण शून्य येईपर्यंत दाबून धरायचं, मग वाढवण्याचं बटण सुटं सुटं दाबत मोजायचं. दाबून धरलं तर आकडे पळतात आणि मोजणी चुकते. समजा, ४० वर बोलणं नीट येतं. मग वक्ता जितका चढा आवाज लावेल तितक्या जोरात बोलून पाहायचं. आवाज फाटला तर लगेच माइकला दोष देऊ नये. हेडफोनचा आवाज कमी करून तेच परत ऐकावं; तरीही फाटलेलाच असेल तर पातळी खाली आणायची. बोलण्याचे चढ पूर्ण मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे ध्वनिलहरीच्या साधारण पाव उंचीपर्यंतच, राहिलेले बरे. ३२-बिट फ्लोट यंत्रांत, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज फाईलमध्ये न फाटता साठवणाऱ्या यंत्रांत, ही कटकट जवळपास संपते, कारण फाईलमधली पातळी नंतर संगणकावर वरखाली करता येते. माइकच ओरडण्याने फाटला असेल तर मात्र इलाज नाही.

मेनू पाठ करावा लागतो, पाढ्यासारखा. ब्रेलमध्ये किंवा फोनवर टिपण ठेवायचं: ‘मेनू, खाली ३, ओके, खाली १, ओके’. त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. यादी शेवटी थांबते की फिरून वर येते? आणि मेनू मागच्या जागेवरच उघडतो का? तसा उघडत असेल तर मोजणी फसते. यादी शेवटी थांबणारी असेल तर आधी वरच्या टोकाला जाऊन मोजायचं. यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर क्रम बदलू शकतो, तेव्हा टिपण नव्याने करा. फाईल पुसणं आणि कार्ड फॉरमॅट करणं या दोन गोष्टी मात्र अंदाजाने कधीच करू नयेत. कार्ड काढून संगणकात घालावं आणि एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने फाईल नावानिशी पुसावी.

सेटिंग चुकून बदललंय का, हेही संगणकावरच फाईलच्या आकारावरून कळतं. सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, तासाला सुमारे ६३५ एमबी. तासाभराची फाईल ६० एमबीची निघाली तर यंत्र एमपी-३ वर गेलेलं असणार.

यंत्र अचानक मेल्यासारखं झालं तर आधी होल्डचा, म्हणजे सगळी बटणं बंद करून ठेवणारा, खटका चाचपावा. पिशवीत तो हमखास सरकतो. बॅटरीचा अंदाज घेत बसू नये, प्रत्येक कार्यक्रमाला पूर्ण चार्ज केलेली घालावी. वेव्ह फाईलची नेमकी लांबी अनेक यंत्रं रेकॉर्डिंग थांबवतानाच तिच्या शीर्षभागात लिहितात. वीज मध्येच गेली तर तासाभराचं भाषण कार्डावर असूनही फाईल शून्य लांबीची दिसू शकते, आणि ती सॉफ्टवेअरने दुरुस्त करत बसावं लागतं. लांबलेल्या सभेत चहाच्या सुट्टीत स्टॉप दाबून नवी फाईल सुरू करावी. सुरुवातीला तारीख, जागा आणि विषय तोंडाने सांगून ठेवावा, म्हणजे नुसत्या क्रमांकाच्या फाईलींतून हवी ती शोधता येते.