सही खरी, घोडा नकली

"अरे, नुसता घोडा काय बघतोस, खाली सही बघ!" न्यू जर्सीतल्या मित्राने मूर्ती टेबलावर ठेवली. शेजारच्या गल्लीत कुणी घर आवरताना सामान विकायला काढलं होतं, तिथून त्याने ती दीडशे डॉलरला उचललेली. मागच्या पायांवर उभा राहिलेला बिथरलेला घोडा, एका हाताने आयाळ आवळून बसलेला काउबॉय, दुसऱ्या हातात आखूड चाबूक. बैठकीवर नाव अमेरिकन शिल्पकार फ्रेडरिक रेमिंग्टनचं आणि त्याखाली काळ्या संगमरवराची फरशी.

ही 'ब्रॉंको बस्टर', म्हणजे रानटी घोडा वठणीवर आणणारा. रेमिंग्टनने १८९५ साली घडवलेलं हे त्याचं पहिलं ब्राँझचं शिल्प. १८९८ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला) स्वयंसेवक घोडदळाने आपल्या या सेनानीला याचीच प्रत भेट दिली होती. सुरुवातीच्या प्रती रेतीच्या साच्यात ओतल्या गेल्या. पुढे 'रोमन ब्राँझ वर्क्स' या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्यातली मेणाची प्रतिकृती वितळवून काढून तिथे धातू ओतायची पद्धत आली, तेव्हा रेमिंग्टन मेणावरच हात फिरवून तपशील बदलू लागला. त्यामुळे अस्सल प्रतींतही थोडाफार फरक असतो. १९०९ मध्ये तो वारला. आता या शिल्पावर कुणाचा हक्क उरलेला नाही, म्हणून कुणीही ते ओतून विकतो. त्यात बेकायदा काही नाही, पण सहीसुद्धा साच्यातूनच येते! मूर्तीवर साचा घेतला की घोड्याच्या शेपटीबरोबर रेमिंग्टनचं नावही उतरतं. तेव्हा सही हा पुरावा नव्हे.

जे साच्यातून जसंच्या तसं येत नाही, ते म्हणजे माप. ब्राँझ साधारण हजार अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. गोठल्यावर थंड होताना दर अंशाला त्याची लांबी दहा लाखांत सुमारे १८ भागांनी घटते. हजार अंशांचा हिशेब धरला तर घट पावणेदोन टक्क्यांच्या घरात जाते. मूळ मूर्तीवरून साचा घेऊन नवी ओतली, तर मेणही थोडं आक्रसतं आणि सगळं मिळून दोन टक्के सहज जातात. साठ सेंटिमीटरच्या मूर्तीत हा फरक सव्वा सेंटिमीटरचा! नकलेची नकल काढली की आणखी तेवढाच.

फक्त एकूण उंची मोजून चालत नाही, कारण चाबूक वाकलेला असू शकतो. खोगिराच्या टोकापासून खुरापर्यंत अशी हलू न शकणारी दोन ठिकाणं कॅलिपरने मोजायची आणि ती संग्रहालयातल्या अस्सल प्रतीच्या मापांशी ताडायची. माप लहान निघालं तर नकलेचा संशय पक्का. बरोबर निघालं तरी सुटका नाही, कारण आता थ्री-डी स्कॅन करून हे दोन टक्के आधीच वाढवून घेता येतात.

मित्राच्या घोड्याची मापं आम्हाला घ्यावीच लागली नाहीत. आयाळीचे केस वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होते, नाकपुड्या भरून आलेल्या आणि पोटाखाली साच्याच्या जोडाची रेघ नीट घासलेलीही नव्हती. संगमरवरी फरशी तर नकलांची नेहमीची खूण. अस्सल प्रतींची बैठक ब्राँझचीच असते.

धातू मात्र खरा निघाला. लोहचुंबक चिकटला नाही, पण तो जस्ताच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही, म्हणून मी फरशी सोडवून तळाला सुईने बारीक ओरखडा काढला. जस्त असतं तर पांढरट चमकलं असतं आणि ब्राँझची पूड मिसळलेली रेझिन (प्लास्टिकसारखी राळ) असती तर पावडर निघाली असती. इथे पिवळसर तांबूस रेघ उमटली. आणखी खोलात जायचं तर क्ष-किरण मारून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र असतं. त्यात मँगनीज दिसलं आणि कथील जवळजवळ नसलं, तर ते आजच्या फाउंड्रीत चालणारं, कथिलाऐवजी सिलिकॉन घातलेलं सिलिकॉन-ब्राँझ असण्याची शक्यता मोठी. रेमिंग्टनच्या काळात ते वापरात नव्हतं.

"म्हणजे दीडशे डॉलर बुडाले?" वहिनींनी विचारलं.

बुडाले कसले? भरीव वाटावं असं वजन आणि बरं ओतकाम असलेल्या मूर्तीला एवढे पैसे काही जास्त नाहीत. अस्सल जुन्या प्रतीला लाखांत डॉलर मिळतात, ही निराळी गोष्ट. संगमरवर आता बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली गेलाय आणि घोडा बुटांच्या कपाटावर उधळतो आहे.