दोन्ही घरांत कोणालाच नाही, मग बाळाला कसं?

डाउन सिंड्रोमचा रिपोर्ट हातात पडला की आईवडील डॉक्टरांना हमखास विचारतात, "आमच्या दोन्ही घरांत असं कोणीच नाही, मग हे जनुकीय कसं?" घरी तोवर सुनेची उलटतपासणी सुरू झालेली असते. ग्रहणात विळीला हात लावलास का? पपई खाल्लीस का?

आपल्या पेशींत जनुकं वाहून नेणाऱ्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या बाळांत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं. साधारण ९५ टक्के मुलांत ती वारशाने आलेली नसते. बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते, आणि बहुधा स्त्रीबीजातच.

स्त्रीबीजातच का? कारण स्त्रीबीजं बनायला लागतात ती बाई स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना! तिथे गुणसूत्रं जोडीजोडीने बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि थांबतात. तिचा जन्म, शाळा, लग्न, सगळं होऊन जातं तरी वाटणी अर्धवटच. बीज अंडाशयातून बाहेर पडायच्या सुमारास, पंचवीस-तीस-चाळीस वर्षांनी, ती पुन्हा सुरू होते. एवढी वर्षं गुणसूत्रांना धरून ठेवतात कोहेसिन नावाच्या प्रथिनांच्या कड्या. या कड्या नव्याने फारशा घातल्या जात नाहीत. त्या झिजल्या की गुणसूत्रं वेळेआधी सुटतात आणि भलत्या बाजूला ओढली जातात. म्हणून पंचविशीत साधारण १२५० त एक असलेली शक्यता चाळिशीत शंभरात एक होते.

म्हणजे बहुतेकदा चूक होते ती गर्भ राहण्याआधी, फार तर त्याच क्षणी. नंतरच्या विळीचा, पपईचा संबंध येतोच कुठे? आणि 'स्टेम सेलने बरं करतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. पेशीपेशीत असलेलं गुणसूत्र इंजेक्शनने काढता येत नाही.

बाळाची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी तपासणी मात्र चुकवू नका. तीन-चार टक्के मुलांत जादाचं २१ वं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बऱ्याचदा १४ व्याला, चिकटलेलं असतं. अशी जोडणी आई किंवा वडिलांत काहीही त्रास न देता असू शकते, म्हणून मग त्यांचीही तपासणी लागते. १४ आणि २१ ची जोडणी आईत असेल, तर पुढच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता दहा-पंधरा टक्के. वडिलांत असेल तर बरीच कमी.

जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लगेच करून घ्या, थायरॉइड आणि ऐकू येण्याची तपासणीही. पुढच्या थेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात चौकशी करा. बाळ बसायला लागण्याची वाट पाहू नका.