दाराच्या दोन्ही बाजूंना तेच शिक्षण

"दोन दिवस जेवण बंद करा, येईल गुमान बाहेर." हिकिकोमोरीची बातमी आली की आपल्याकडे हा सल्ला हमखास ऐकू येतो. शाळा, नोकरी, मित्र सगळं सोडून सहा महिने किंवा जास्त काळ घरात कोंडून घेतलेल्यांना जपानमध्ये हे नाव आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत 15 ते 64 वयोगटातल्या अशा माणसांचा अंदाज सुमारे 14 लाख 60 हजार निघाला. सगळी काही पोरंसोरं नाहीत. ऐंशीतले आईबाप आणि पन्नाशीतलं अपत्य अशीही घरं आहेत.

हा आळस नव्हे. फोन वाजतो, छाती धडधडते. उचलला नाही की थोड्या वेळाने थांबतो आणि हायसं वाटतं. हे हायसं वाटणं हेच बक्षीस! मेंदू नोंद करतो: टाळलं म्हणून वाचलो. उचलला असता तर काय झालं असतं, हे तपासलंच जात नाही, म्हणून भीती दहा वर्षांनीही ताजीच.

मानसोपचारात हेच तपासतात. शेजारीण 'हल्ली काय करता?' विचारेलच, याची खात्री किती? नव्वद टक्के. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायचं. अंदाज जितका सपशेल चुकेल, तितकं शिक्षण पक्कं. जुनी भीती मात्र पुसली जात नाही. नव्या स्मृतीच्या आधारे मेंदूचा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, भीती जागवणाऱ्या अमिग्डाला या भागाला आवरतो. ही स्मृती त्या-त्या जागेशी बांधलेली असते, म्हणून प्रयोग वेगळ्या दुकानात, वेगळ्या वेळी पुन्हा करावा लागतो.

पैसे घेऊन अशा माणसाला खोलीतून ओढून नेणाऱ्या कंपन्या जपानमध्ये निघाल्या, प्रकरणं कोर्टात गेली. ओढून नेलं की 'बाहेरचं जग वाईट' हा अंदाज खराच ठरतो. आपल्याकडचा अंगारा आणि 'लग्न लावून द्या' याच माळेतले.

पण तो दारच उघडत नसेल तर? मग उपचार आईवडिलांपासून सुरू होतात. वडील बोलायला लागले की दार बंद, दार बंद झालं की बोलणं थांबतं. हळूहळू वडीलही विषय काढत नाहीत. भांडण टळतं, त्यांनाही हायसं वाटतं. तेच चक्र! अमेरिकेत व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी घडवलेली 'क्राफ्ट' ही पद्धत जपानी मानसतज्ज्ञांनी हिकिकोमोरींच्या घरच्यांसाठी वापरली. अभ्यास अजून छोटे आहेत. या पद्धतीत पालक सराव करतात: तो जेवायच्या टेबलाशी आला, तर नोकरीचा विषय न काढता आमटी वाढायची.